साक्षीदाराची सही

"सही करण्याआधी वाचा." ही ओळ मी इतक्या पत्रकांखाली छापून घेतली आहे की घोडेगावचा छपाईवाला मला म्हणायचा, "भाऊ, ती ओळ मी पुसतच नाय, तशीच ठिवतो. तुमी वरचा मजकूर तेवढा द्या." वर हिरड्याचा भाव असो, धरणग्रस्तांचे दाखले असोत, नाहीतर रेशनच्या मशीनवर न उमटणारे अंगठे असोत, खाली ही ओळ असायचीच. पत्रकं मी अजूनही लिहितो. ती ओळ मात्र काढायला सांगितली. का, ते छपाईवाल्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी चहा मागवला आणि विषय बदलला. आता एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे परत परत सांगायला नको.

पैसे घेऊन औषधांच्या चाचणीला बसणारी माणसं आमच्या भागात आहेत हे मला बेल्ह्याच्या बाजारात कळलं. बैलांच्या दावणीपलीकडे चहाची टपरी आहे. तिथं एक माणूस शर्टाची बाही वर सरकवून कोपराच्या आतले काळपट ठिपके दाखवत होता. पूर्वी तो स्वतः चाचणीला बसायचा, आता माणसं घेऊन जातो.

"कायच नाय राव," तो सांगत होता. "दोन दिवस पडून ऱ्हायचं, टीव्ही बघायचा, आयतं खायचं. मधून मधून जरासं रगात काढत्यात. सासुरवाडीला बी एवढा मान नाय."

"सासुरवाडीला रगात आयुष्यभर काढत्यात की," कुणीतरी म्हणालं, आणि सगळी टपरी हसली.

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता: माणसांचे उंदीर! उद्गारचिन्हासकट. ठरवलं की ऐकीव लिहायचं नाही, आत जाऊन बघायचं. पैशाचीही गरज होती, ते लपवत नाही. ही पत्रकं काढणाऱ्या आमच्या संघटनेच्या कामात मान मिळतो, मोबाईलचं रिचार्ज मिळत नाही.

माझ्याबरोबर दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक, राहणार बेल्हे. जनावरं वाहणारा टेम्पो चालवतात. त्या दिवशी टपरीवर माझ्या शेजारीच होते. अक्काला सातवा महिना होता. आधी दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा पोट पडलं होतं. नारायणगावात एक खाजगी डॉक्टरीण आहे, तिला अक्काचं सगळं माहीत. या वेळी बाळंतपण तिच्याच दवाखान्यात करायचं, हे दाजींनी मनाशी धरलं होतं. तिथल्या खोलीसाठी त्यांना पैसे हवे होते. आणखी एक गोष्ट त्यांनी धरली होती. दर संकष्टीला लेण्याद्रीच्या पायथ्याला टेम्पो लावायचा, पायऱ्या चढून गणपतीला जायचं आणि चंद्र दिसेपर्यंत उपास करायचा. अक्काला दिवस गेल्याचं कळल्यापासून एकही संकष्टी त्यांनी चुकवली नव्हती. आमच्या संघटनेचं अंधश्रद्धेवरही एक पत्रक आहे. ते मी दाजींना कधी दिलं नाही. मेव्हण्यानं काय द्यावं आणि काय देऊ नये याची रीत असते.

शहरातल्या त्या केंद्राचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला फक्त तपासणी असते. उंची, वजन, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, लघवी, रक्त. एका मशीनवर बोट ठेवायचं. गेल्या तीन महिन्यांत दुसरीकडे कुठं चाचणीला बसला असाल तर ते तिथं कळतं. आमच्या पुढच्या माणसाचं कळलं. त्याला परत पाठवलं, तेव्हा तो इतक्या ओशाळ्या चेहऱ्यानं जिना उतरला की जणू चोरीच केली होती. रक्त स्वतःचंच होतं त्याचं. हे मी लगेच वहीत टिपून घेतलं.

मग संमतीची खोली. टेबल, चार खुर्च्या, तिपाईवर कॅमेरा. अठरा पानांचा मराठी कागद, पण असली मराठी माझ्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल. औषध रक्तदाबाचं, बाजारात आधीपासूनच असलेलं. दुसऱ्या कंपनीची तशीच गोळी अंगात तशीच मुरते का, एवढंच बघायचं होतं. गोळी भरपूर तेलातुपाच्या नाश्त्यानंतर द्यायची, म्हणजे खाल्ल्या पोटावर कशी वागते ते कळतं.

डॉक्टरांनी दाजींना विचारलं, "वाचता येतं ना?"

"येतं की. सातवी झालीय माझी. पण हे वाचायला उद्यापातुर वेळ लागंल."

"मग या वाचून दाखवतील." डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या एका बाईंकडे हात केला. निवृत्त शिक्षिका होत्या. केंद्राच्या नोकरीत नव्हत्या. ज्यांना वाचन जड जातं त्यांना कागद वाचून दाखवायचा, समजला का ते विचारायचं आणि साक्षीदार म्हणून सही करायची, एवढ्यासाठी त्यांना बोलावलेलं. चष्मा पुसत त्या उठल्यासुद्धा.

मी मध्ये पडलो. "या बाईंची गरज नाही. मी वाचतो. मी यांचा मेव्हणा आहे."

"साक्षीदार बाहेरचा लागतो," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही स्वतःच चाचणीला बसताय."

"पैसे तुम्ही देता ना यांना? मग त्या बाहेरच्या कशा?"

बाईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर अजून वीस-पंचवीस माणसं ताटकळलेली. शेवटी डॉक्टरांनी हात झटकला, "बघा बाबा, तुमच्या जबाबदारीवर." खरं तर त्यांनी ऐकायला नको होतं. पण ऐकायला मी लावलं.

वाचलं मी, पण कसं? भांडणाऱ्या माणसासारखं. विम्याचं पान तीनदा वाचलं. अपाय झाला तर भरपाई कोण देणार, तिथं खालून रेघ मारली. कधीही बाहेर पडता येतं असं लिहिलेलं, पण पूर्ण पैसे पूर्ण चाचणीलाच, तिथं दोन रेघा मारल्या. खाण्यापिण्याचं पान आलं ते मी उलटलं. त्यात लढण्यासारखं काही नव्हतं.

"दाजी, मी वाचलंय. ते विचारतील तिथं हो म्हणा."

कॅमेरा लागला. चाचणी कशाची ते समजलं का? हो. सुई टोचतील, चक्कर येऊ शकते, समजलं का? हो. दिलेलं सगळं खाणं पूर्ण खावं लागेल, समजलं का? इथं दाजी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "ते उपासा…" एवढं तोंडातून निघालं असेल. टेबलाखालून मी त्यांच्या पायावर पाय ठेवून दाबला. मला वाटलं, अडखळले तर त्या बाईंना परत बोलावतील.

"हो," दाजी म्हणाले.

खाली त्यांची सही. त्याखाली माझी. "माझ्यासमोर सहभागी व्यक्तीस संपूर्ण माहिती समजेल अशा भाषेत देण्यात आली."

तारखेचा फोन आठवड्यानं आला. गुरुवारी संध्याकाळी हजर व्हा, शुक्रवारी सकाळी गोळी. गेलो. दारातच पिशव्या तपासतात, खिसे उलटे करायला लावतात. दाजींची तंबाखूची डबी गेली, माझी वही गेली, दोघांचे मोबाईल गेले. फुग्यात फुंकावं तसं नळीत फुंकायचं, दारू घेतली का ते बघतात. मग सगळ्यांना एकसारखे निळे कपडे आणि छातीवर नंबर. मी सतरा, दाजी अठरा. त्या क्षणापासून आम्हाला कुणी नावानं हाक मारली नाही. दुष्टपणानं नव्हे, नुसत्या सवयीनं. बाजारात जनावराच्या शिंगाला रंग लावतात तसं. याचा मला संताप यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिथं संताप फार वेळ टिकत नाही. थंडगार हॉल, ओळीनं खाटा, भिंतीवर हिंदी मालिका, आवाज बारीक. माणूस नुसता पेंगतो.

जेवण लवकर झालं. खाटेवर बसलो तेव्हा दाजींनी निवांत विचारलं, "पावणं, उद्या खिचडी देत्यात का वरई?"

"कसली खिचडी?"

"साबुदाण्याची. उद्या संकष्टी न्हवं का. पायऱ्या पुढल्या खेपेला दोनदा चढंन, पर उपास हितंच."

न वाचता उलटलेलं ते खाण्यापिण्याचं पान मला आठवलं.

"तुमी वाचलंय म्हणला व्हता," दाजी म्हणाले. "मी तुमच्या अक्काला बी सांगून आलो. म्हणलं, पावण्यानं सगळं वाचलंय, उपासाचं बगून घेतील."

मी आधी खालच्या आवाजात भांडलो. एक दिवस नाही केला तर काय होतं, गणपती काय हजेरी घेतो का, वगैरे. संघटनेच्या पत्रकातलंच सगळं. दाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या पत्रकानं कुणाचं प्वार जगलंय का, पावणं?"

ते चिडून म्हणाले नाहीत. खरंच विचारल्यासारखे म्हणाले.

तेव्हाच उठून परिचारिकेला सांगायला हवं होतं. फार तर घरी पाठवलं असतं. पण घरी पाठवलं असतं म्हणजे दाजींची खोली गेली असती, माझं पत्रक गेलं असतं, आणि मी पान न वाचता उलटलं हे सगळ्या हॉलसमोर निघालं असतं. या तिन्हींतलं कुठलं मला जास्त जड वाटलं, ते आज नीट सांगता येत नाही. सांगता येतं, पण सांगायचं नाही.

"दूध चालतं, बटाटा चालतो," दाजींनीच वाट काढली. "काय देत्यात बघू. जे चालंल ते खातो."

"बाकीचं माझ्या ताटात सारा," मी म्हणालो.

सकाळी हाताला सुई लावली. सलाईनची असते तशी, रात्रीपर्यंत तिथंच ठेवतात, म्हणजे दर वेळी नव्यानं टोचायला नको. मग लांब टेबलावर नाश्ता. लोण्यानं माखलेले पाव, दोन अंड्यांचं ऑम्लेट, तळलेले बटाट्याचे काप, ग्लासभर सायीचं दूध. अर्ध्या तासात ताट स्वच्छ झालं पाहिजे. दर चार माणसांमागे एक मुलगी उभी, ती ताट बघते, तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. टेबलाच्या टोकाला एकाला लोणी सोसलं नाही, तो ओकारी देऊ लागला, सगळे तिकडे वळले. तेवढ्यात दाजींचे पाव आणि ऑम्लेट माझ्या ताटात आले. पावावरचं लोणी मात्र त्यांनी बोटानं निपटून ठेवलं होतं. लोणी चालतं.

मी दोन माणसांचा नाश्ता कोंबला. मुलगी आली. "अठरा, तोंड उघडा." दाजींनी उघडलं. "सगळं खाल्लं?" "हो."

गोळी दिली. त्यानंतर आडवं व्हायचं नाही, बसून राहायचं. पंधरा मिनिटांनी रक्त, परत पंधरा मिनिटांनी रक्त, मग अर्ध्या तासानं. नळ्यांवर नंबर. सोबतच्या जुन्या माणसांनी मला सांगितलं होतं की सुई नाही, वेळ टोचतो. खरं आहे. एका मालिकेत लग्न मोडलं, दुसरीत जुळलं, आणि घड्याळ तिथंच. दाजी ताठ बसले होते, डोळे मिटून. मला वाटलं जप करतायत.

जेवणाला तासभर राहिला असेल. दाजी लघवीला उठले. उभे राहिले, एक पाऊल टाकलं, आणि खाटेची कड धरता धरता खाली गेले. आवाज झाला नाही. ओलं पोतं भिंतीला टेकवलेलं सरकतं तसे गेले. घामानं निळा सदरा काळा झाला होता.

धावपळ झाली. पाय उंच केले, दंडाला पट्टा बांधला. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्याच वयाची असेल, डोळ्यांखाली काळं, रात्रपाळी करून उरलेली. तिनं गुडघे टेकून विचारलं, "दादा, ऐकू येतंय? सकाळचा नाश्ता पूर्ण केला होता ना?"

दाजींनी डोळे उघडले. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

ओठ पांढरे पडले होते, तरी हो. कारण मी शिकवलं होतं.

"उलटी झाली का? पोटात नक्की काय आहे, ते कळलं पाहिजे मला."

"हो," दाजी म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "यांनी दूध आणि बटाटे खाल्लेत. बाकीचं मी खाल्लं. संकष्टी आहे त्यांची."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आधी सांगायचं." आणि कामाला लागली. सलाईन लावली. आमच्या दोघांच्या कागदांवर काहीतरी लिहिलं. चाचणीतून दोघंही बाद. नाश्ता एकाचा कमी आणि एकाचा दुप्पट, म्हणजे दोघांचंही रक्त निकामी.

थोडं बरं वाटल्यावर दाजींनी तिलाच हाक मारली. "म्याडम, ह्या सलाईननं उपास मोडतो का?"

तिनं बाटलीकडे बघितलं. "साखर आहे, मीठ आहे. धान्य नाही."

"मंग चालतंय," दाजी म्हणाले आणि डोळे मिटले.

माझ्या समोरच्या खाटेवर जुन्नरचा एक शिवणकाम करणारा माणूस होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "भाऊ, त्या शिक्षिकाबाईंनी विचारलं नाही का? मला विचारलं होतं की, रोजे धरता का म्हणून. मागच्या गटाची तारीख रोज्यात आली होती. त्यांनी माझं नाव पुढं ढकललं. पैसे तेवढेच मिळतात."

"त्या बाईंना मी बसूच दिलं नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि टीव्हीकडे बघायला लागला. भला माणूस असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी दाजींना ठेवून घेतलं, सगळं नीट आहे ना ते बघितलं, आणि दिलेल्या रक्तापुरते पैसे देऊन सोडलं. एसटीत मंचरपर्यंत दाजी डोळे मिटून होते. मग म्हणाले, "मी विचारणार व्हतो तिथं."

"माहीत आहे मला."

"तुमी पाय दाबला."

"हो."

"लई जोरात दाबला, राव." आणि खिडकीबाहेर बघून हसले. त्या हसण्यानं मला जास्त लागलं.

मी पत्रक लिहायला बसलो होतो. टपरीवरचा एजंट खोटं बोलतो, ते खरं. कागदाची भाषा माणसाची नाही, ते खरं. माणूस बाहेर पडू शकतो पण पैशानं बांधून ठेवलेला असतो, तेही खरं. माझ्या हट्टाला हो म्हणून तो डॉक्टर चुकला, हेही खरं. पण प्रत्येक वाक्यापाशी येऊन थांबायचो. त्या केंद्राच्या कपाटात कुठंतरी ते चित्रण आहे. त्यात एक टेम्पोवाला कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट हो म्हणतो. टेबलाखालचं काही त्यात दिसत नाही. खाली साक्षीदाराची सही, वळणदार, माझी. पत्रक अजून अर्धंच आहे.

नारायणगावची खोली मिळाली नाही. अक्का सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. ठणठणीत आहे. दाजी म्हणतात, एक बी उपास मोडला नाय म्हणून.

परवा मुलीच्या नावानं पोस्टात खातं काढायचं होतं. वारसाच्या रकान्याला साक्षीदार लागतो, म्हणून दाजींनी मला बोलावलं. मी आधीच पोचलो होतो. कारकुनानं फॉर्मवर तीन फुल्या मारून दिल्या, "इथं, इथं आणि इथं. मागं लाईन आहे, पावणं, उरका."

दाजींनी फॉर्म घेतला आणि बाकड्यावर जाऊन बसले. बोट ठेवून वाचायला लागले. पहिलं पान संपायला बराच वेळ गेला. कारकून दोनदा खाकरला. लाईनमधलं कुणीतरी म्हणालं, "परीक्षा हाय का काय?" दाजींनी वर बघितलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी खिशातलं पेन काढलं.

"पेन ठिवा," दाजी म्हणाले. "आता तुमी वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. पोस्टातल्या सगळ्या माणसांसमोर, पहिल्या ओळीपासून. शेवटी सह्यांपाशी आलो आणि थांबलो.

"ते खालचं बारीक ऱ्हायलं," दाजी म्हणाले.